लॉ रिव्ह्यूत निवड नक्की कशी होते? लेकीने परीक्षेनंतर लगेच 'राइट-ऑन' द्यावी का?

सांजवेळ

नमस्कार मंडळी,

माझी लेक इथे अमेरिकेत लॉ स्कूलच्या पहिल्या वर्षाला आहे. आमच्या दोन्हीकडच्या घरांत वकील कुणीच नाही. मी आणि नवरा दोघेही सॉफ्टवेअरमधले, त्यामुळे ती सांगते त्यातलं निम्मं आमच्या डोक्यावरून जातं. मेच्या पहिल्या आठवड्यात तिची परीक्षा संपते. लगेच सगळ्यांनी पुण्याला जायचं ठरलंय. सासूबाईंची पंचाहत्तरी आहे, तिकिटं काढायची आहेत. आणि आता ती म्हणते की परीक्षेनंतर लॉ रिव्ह्यूवर जाण्यासाठी 'राइट-ऑन' नावाची स्पर्धा असते, ती दिल्याशिवाय मी निघणार नाही.

लॉ रिव्ह्यू म्हणजे विद्यार्थ्यांनी चालवलेलं कायद्याचं जर्नल, एवढं कळलं. पण त्याच्या सभासदत्वासाठी मुलं इतका जीव का टाकतात? निवड मार्कांवर होते की लिखाणावर? चांगलं लिहिता येणं पुरतं का? जानेवारीपासून पोरगी नीट झोपलेली नाही. तिला 'या वर्षी राहू दे' म्हणावं का, हा माझा खरा प्रश्न आहे. इथे कायद्यातली मंडळी आहेत म्हणून विचारते.

बाभूळ

पंचाहत्तरी एकदाच येते. तिकिटं काढा.

तळटीप

बाभूळ, राइट-ऑनही एकदाच येते, पंचाईत तीच आहे.

ताई, 'या वर्षी राहू दे' म्हणायची सोय बहुतेक कॉलेजांत नसते. पहिलं वर्ष संपल्यावर जी काय संधी ती. पुढे शिरकाव होतो तो अपवादानेच. छापण्याजोगा स्वतंत्र लेख लिहून दिला तर काही रिव्ह्यू घेतात, आणि दुसऱ्या कॉलेजातून बदलून आलेल्यांसाठी काही ठिकाणी उन्हाळ्यात वेगळी स्पर्धा असते.

मी इथेच जेडी, म्हणजे इथली कायद्याची पदवी केली, आता अपिलांचं काम करतो. या सगळ्यातून गेलोय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आत जायच्या वाटा कॉलेजप्रमाणे बदलतात. एक निव्वळ मार्कांची, तिला 'ग्रेड-ऑन' म्हणतात. वर्गातल्या अगदी वरच्या काही टक्के मुलांना त्यावर जागा मिळते. पण तिथेही अनेक रिव्ह्यू अट घालतात की स्पर्धेचे पेपर मनापासून सोडवून दिलेले असले पाहिजेत. म्हणजे पहिला नंबर आला तरी सुटका नाही. दुसरी वाट निव्वळ स्पर्धेची, ती राइट-ऑन. तिसरी दोन्हींच्या बेरजेची, आणि माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त मुलं तिच्यातूनच जातात. येलसारख्या ठिकाणी पहिल्या सत्राला ग्रेडच नसतात, त्यामुळे तिथे मार्कांवर फार विसंबताच येत नाही.

स्पर्धेत काय असतं? परीक्षेनंतर काही दिवसांत एक गठ्ठा हातात पडतो. त्याला 'पॅकेट' म्हणतात. त्यात एखादा ताजा निकाल, त्याच्याशी संबंधित जुने निकाल, कलमं, दोन-चार लेखांतले उतारे असं शेकडो पानांचं सामान. नियम असा की या गठ्ठ्याबाहेरचं काहीही वाचायचं नाही, काहीही उद्धृत करायचं नाही. त्यावरून ठरावीक पानांत त्या निकालाची चिकित्सा लिहायची. कोर्टाने काय ठरवलं, कशावरून ठरवलं, त्यात कुठे फट आहे आणि ती का महत्त्वाची आहे. पानांची मर्यादा, समास, टंकाचा आकार सगळं ठरलेलं. अर्धं पान जास्त झालं तरी गुण जातात.

दुसरा भाग संपादनाचा. मुद्दाम चुका पेरलेला मजकूर आणि त्याच्या तळटिपा देतात, त्या ब्लूबुकप्रमाणे दुरुस्त करायच्या. चांगली लिहिणारी मुलं घसरतात ती इथेच, कारण त्यांना वाटतं की खरी परीक्षा निबंधाची. कित्येक ठिकाणी एक छोटं वैयक्तिक निवेदनही मागतात. सगळ्या उत्तरांवर नावाऐवजी क्रमांक असतो आणि तपासणारे असतात दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची संपादक मुलं. त्यांना कुणाचा पेपर कुणाचा हे कळत नाही.

तेव्हा 'चांगलं लिहिता येणं पुरतं का' याचं उत्तर: नाही. बारीक वाचता येणं, सूचना तंतोतंत पाळता येणं आणि दमलेलं असताना ते करता येणं, यावर निवड होते.

सांजवेळ

बाप रे. तळटीप, मनापासून आभार. हे ब्लूबुक म्हणजे तिच्या टेबलावर असतं ते सर्पिल बांधणीचं निळं पुस्तक का? मला ती डायरी वाटायची.

तळटीप

तेच. कोणता स्रोत कसा उद्धृत करायचा याचे नियम. १९२६ साली हार्वर्डमध्ये सुरू झालं तेव्हा २६ पानांचं होतं, आता शेकडो पानांचं आहे. हार्वर्ड, येल, कोलंबिया आणि पेनसिल्व्हेनिया या चार विद्यापीठांचे विद्यार्थी-रिव्ह्यू मिळून ते काढतात. अमेरिकेतले मोठमोठे प्राध्यापक आणि वकील ज्या नियमांनी संदर्भ देतात, ते नियम विशीतली मुलं ठरवतात.

रसायनी

धागा वाचून थक्क झालो. मी रसायनशास्त्रात संशोधन करतो. आमच्याकडे लेख पाठवला की त्याच विषयातले दोन-तीन तज्ज्ञ तो तपासतात. इथे प्राध्यापकाचा लेख छापायचा की नाही हे दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी ठरवतो? ज्याने तो विषय कदाचित शिकलेलाही नाही? आणि त्या विद्यार्थ्याची निवड कशावर, तर दमलेलं असताना स्वल्पविराम सापडतात का यावर? राग मानू नका, पण यात विद्वत्ता कुठे आली?

मुक्काम_शिकागो

रसायनी, आक्षेप जुना आहे आणि त्यात तथ्यही आहे. भर घालतो: तुमच्याकडे एका वेळी एकाच जर्नलला लेख पाठवतात ना? इथे प्राध्यापक एकाच वेळी अनेक रिव्ह्यूंना पाठवतात. एकाने स्वीकारला की वरच्या रिव्ह्यूला कळवतात, 'अमक्याने घेतलाय, तुम्ही लवकर ठरवा.' त्या घाईत मुलं लेखकाचं विद्यापीठ बघून निर्णय घेतात अशी तक्रार दर हंगामात होते. वरचे काही रिव्ह्यू आता त्या विषयाच्या प्राध्यापकांचं मत मागवतात, पण शेवटचा शब्द विद्यार्थ्यांचाच.

तळटीप

रसायनी, राग कशाला? लेख निवडण्याबद्दल तुम्ही म्हणता ते मी मान्य करतो. 'स्वल्पविराम' मात्र मान्य नाही.

सभासद झाल्यावर पहिलं वर्षभर काम काय असतं ते सांगतो. छापायला घेतलेल्या लेखाच्या काही तळटिपा तुमच्या वाट्याला येतात. प्रत्येक तळटिपेतला स्रोत मुळातून शोधून काढायचा. कुणीतरी दिलेला उतारा चालत नाही, मूळ पान हवं. मग बघायचं की लेखक जे म्हणतो ते त्या पानावर खरंच आहे का.

ब्लूबुकमध्ये संदर्भाच्या आधी कोणता इशारा लावायचा याचेही नियम आहेत. काहीच लावलं नाही तर अर्थ असा की हे विधान त्या स्रोतात थेट केलेलं आहे. 'सी' (see, म्हणजे 'पाहा') लावलं तर थेट केलेलं नाही, पण त्यातून उघड निघतं. 'बट सी' ('पण पाहा') लावलं तर तो स्रोत उलट सांगतो. तेव्हा दुसऱ्या वर्षाचा पोरगा नामवंत प्राध्यापकाला लिहितो, 'सर, इथे सी लागेल, कारण तुम्ही म्हणता तसं त्या निकालात कुठेही म्हटलेलं नाही.' आणि प्राध्यापकाला वाक्य बदलावं लागतं. मी हे होताना पाहिलंय. तुमच्याकडे तज्ज्ञ तपासतात ते बरोबरच आहे, पण प्रत्येक संदर्भ उघडून, पान काढून, वाक्य वाक्याशी ताडून किती जण बघतात?

रसायनी

जवळजवळ कुणीच नाही. हा मुद्दा मान्य. आमच्याकडे चुकीचा संदर्भ एका लेखातून दुसऱ्यात वर्षानुवर्षं फिरतो.

पाचवी_सेम

भारतातली बाजू सांगू का? मी एका राष्ट्रीय विधी विद्यापीठात बीए एलएलबीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि आमच्या एका जर्नलची संपादक आहे.

आपल्याकडेही विद्यार्थ्यांनी चालवलेली चांगली जर्नल्स आहेत. बंगळुरूचा नॅशनल लॉ स्कूल ऑफ इंडिया रिव्ह्यू, कोलकात्याचा एनयूजेएस लॉ रिव्ह्यू, हैदराबादच्या नालसारची जर्नल्स. मुंबईत जीएलसीचा, म्हणजे गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचा लॉ रिव्ह्यू विद्यार्थीच काढतात. पण आपल्याकडे कोर्स पाच वर्षांचा, त्यामुळे अमेरिकेसारखा एकच निर्णायक मे महिना नसतो. बहुतेक ठिकाणी वर्षातून एकदा सूचना लागते, पहिल्या-दुसऱ्या वर्षाची मुलं अर्ज करतात, मग चाचणी.

आमच्या चाचणीत खराब लिहिलेला एक लेख देतात. त्यावर संपादक म्हणून अभिप्राय लिहायचा: छापावा की नाही, का, आणि लेखकाला काय कळवाल. हा अभिप्राय सगळ्यात महत्त्वाचा. 'लेख चांगला आहे, भाषा सुधारावी' असं लिहिणारा तिथेच बाद. त्यात चोरीचा एखादा परिच्छेद मुद्दाम घातलेला असतो, तो सापडतो का बघतात. तळटिपा सुधारायला असतातच. काही जर्नल्स ब्लूबुक वापरतात, काही ऑक्सफर्डची ऑस्कोला, काहींचे स्वतःचे नियम. त्यानंतर मुलाखत. निवड झाली की सुरुवातीला कनिष्ठ सदस्य म्हणून नुसत्या तळटिपा, आणि काम बघून वर सरकवतात. जो काम टाळतो त्याला वर्षअखेर काढतात, यात मैत्री आड येत नाही. येऊ नये, असं तरी आम्ही ठरवलंय.

एलएलएम_रिटर्न

पाचवी_सेम, छान लिहिलंस. मी पुण्याहून एलएलबी करून अमेरिकेत वर्षभराच्या एलएलएमला, म्हणजे कायद्याच्या पदव्युत्तर पदवीला गेले होते. आपल्या मुलामुलींना एक सांगून ठेवते. बहुतेक कॉलेजांत मुख्य लॉ रिव्ह्यूची स्पर्धा एलएलएमवाल्यांना खुली नसते. एक तर वर्षच एक, आणि ती स्पर्धा असते वर्षाच्या शेवटी. मला हे तिथे गेल्यावर कळलं आणि फार वाईट वाटलं.

पण प्रत्येक मोठ्या कॉलेजात विषयवार जर्नल्स असतात. आंतरराष्ट्रीय कायदा, पर्यावरण, मानवी हक्क, तंत्रज्ञान. हार्वर्डमध्ये मुख्य रिव्ह्यूखेरीज अशी डझनावर आहेत. त्यांतल्या पुष्कळांना तळटिपा तपासायला माणसं हवीच असतात, स्पर्धेशिवाय घेतात. मी आंतरराष्ट्रीय कायद्याच्या जर्नलचं काम केलं. भारतीय निकालांचे संदर्भ आले की सगळे माझ्याकडे यायचे. एका लेखकाने केशवानंद भारतीचा, म्हणजे संविधानाच्या मूळ चौकटीच्या गाजलेल्या निकालाचा दाखला दिला होता, (१९७३) ४ एससीसी २२५, आणि त्यापुढे दिलेला परिच्छेद अल्पमतातल्या न्यायमूर्तीचा होता, बहुमताचा म्हणून! १३ न्यायमूर्ती, ७ विरुद्ध ६, आणि ११ वेगवेगळी निकालपत्रं. बाहेरच्याला ते पान बघून कळणार कसं? ती तळटीप मी दुरुस्त केली याचा मला आजही अभिमान आहे.

कृष्णाकाठ

या धाग्यावर तरुण मंडळी इतक्या आस्थेने लिहीत आहेत हे पाहून बरे वाटले. मी सांगलीकडे अनेक वर्षे दिवाणी वकिली करतो. आमच्या काळी जिल्ह्याच्या ठिकाणी लॉ रिव्ह्यू हा प्रकार कुणाच्या गावी नव्हता. आमचे वाचन म्हणजे बॉम्बे लॉ रिपोर्टर आणि एआयआर (ऑल इंडिया रिपोर्टर), ही निकाल छापणारी नियतकालिके. १८९९ साली रतनलाल आणि धीरजलाल या जोडीने सुरू केलेल्या बॉम्बे लॉ रिपोर्टरचे जुने कापडी बांधणीचे खंड अजून माझ्या कपाटात आहेत. अर्थात त्यात निकाल छापतात; निकालांची चिकित्सा हे वेगळे काम.

त्या कामाचे मोल मला उशिरा, पण चांगले कळले. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणाचा हक्क मूलभूत ठरवला. ते निकालपत्र मी बारकाईने वाचले. त्यात वॉरेन आणि ब्रँडाइस यांच्या खासगीपणाच्या हक्कावरील १८९० सालच्या लेखाची चर्चा आहे. तो लेख छापला होता हार्वर्ड लॉ रिव्ह्यूने, म्हणजे विद्यार्थ्यांनी चालवलेल्या आणि तेव्हा जेमतेम तीन वर्षांच्या नियतकालिकाने. लेखक बोस्टनमधले तरुण वकील होते. त्या मुलांनी तो लेख घेतला, आणि सव्वाशे वर्षांनी दिल्लीत नऊ न्यायमूर्ती त्याचा दाखला देतात. रसायनी यांनी विचारले विद्वत्ता कुठे आली. माझ्या मते ती इथे आली.

ताई, मुलीला देऊ द्या स्पर्धा. पंचाहत्तरीला आजीला नातीचा फोन आला तरी आजी समजून घेईल.

बाभूळ

काका, आजीला विचारलं का कुणी?

मुक्काम_शिकागो

कृष्णाकाठ, प्रतिसाद फार आवडला. तरी दुसरी बाजू मांडतो, कारण ताईंनी निर्णय घ्यायचाय आणि तो स्वच्छ माहितीवर घ्यावा.

मी वकिलांच्या एका मोठ्या फर्ममध्ये आहे, भरतीच्या मुलाखती घेतो. लॉ रिव्ह्यूमुळे मोठ्या फर्मची नोकरी मिळते हे गणित बरंच बदललंय. पूर्वी फर्मा उन्हाळ्याच्या शेवटी कॉलेजात येऊन मुलाखती घ्यायच्या, तोवर रिव्ह्यूचा निकाल लागलेला असायचा. आता भरती इतकी अलीकडे सरकलीय की कित्येक मुलांना राइट-ऑनचा निकाल हाती येण्याआधीच नोकरीचा देकार मिळतो. अशा वेळी आम्ही पहिल्या सत्राचे ग्रेड आणि मुलाखत बघतो. तिला फर्मचं कॉर्पोरेट काम करायचं असेल तर रिव्ह्यूवाचून अडणार नाही.

दोन ठिकाणी मात्र अजून फार फरक पडतो. एक, फेडरल (केंद्रीय) न्यायाधीशांकडे क्लर्क, म्हणजे कायद्याचा सहायक म्हणून जायचं असेल तर. न्यायाधीशाला निकालपत्राचा मसुदा निर्दोष करून देणारं माणूस हवं असतं, आणि त्याचं प्रशिक्षण इथेच मिळतं. दुसरं, पुढे प्राध्यापकी करायची असेल तर. अमेरिकेचे सरन्यायाधीश रॉबर्ट्स हार्वर्ड लॉ रिव्ह्यूचे व्यवस्थापकीय संपादक होते, न्यायमूर्ती केगनही त्याच रिव्ह्यूच्या संपादक मंडळात. ही परंपरा आहे.

म्हणून ताई, आधी लेकीला विचारा की तिला पुढे काय करायचंय. 'सगळे देतात म्हणून' असं उत्तर आलं तर पुण्याला घेऊन जा.

एलएलएम_रिटर्न

शिकागोकरांच्या शेवटच्या ओळीशी असहमत. पहिल्या वर्षाला पुढे काय करायचं हे कितीजणांना माहीत असतं? मला तर एलएलएम संपेपर्यंत माहीत नव्हतं. दार उघडं असताना आत जावं, नाही आवडलं तर बाहेर पडता येतं. उलटं होत नाही.

आणि रिव्ह्यूमुळे नोकरी मिळतेच असंही कधी नव्हतं. पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती झालेल्या रूथ बेडर गिन्सबर्ग हार्वर्डच्या रिव्ह्यूवर होत्या, मग कोलंबियाच्याही. घरी लहान मुलगी, नवरा कर्करोगातून उठलेला. १९५९ मध्ये कोलंबियातून पहिल्या क्रमांकात विभागून उत्तीर्ण झाल्या आणि न्यूयॉर्कच्या एकाही फर्मने त्यांना घेतलं नाही.

पाचवी_सेम

अवांतर, पण भारतातल्या मुलांसाठी फार गरजेचं आहे म्हणून लिहिते.

व्हॉट्सअ‍ॅपवर रोज जाहिराती येतात: 'आमच्या आंतरराष्ट्रीय जर्नलचे विद्यार्थी संपादक व्हा, प्रमाणपत्र मिळेल, नोंदणी शुल्क अमुक.' आयएसएसएन (नियतकालिकाचा नोंदणी) क्रमांक असतो, संकेतस्थळ असतं, मंडळावर ओळीने नावं असतात. यात निवड अशी नसतेच. पैसे भरले की संपादक. लेखही पैसे भरून छापतात, आठवड्याभरात 'परीक्षण' होतं. लहान गावांतल्या कॉलेजांतली मुलं, ज्यांना सांगणारं कुणी नाही, ती यात सापडतात. घरचे बिचारे पैसे भरतात. माझ्या शाळेतली एक मैत्रीण जिल्ह्याच्या ठिकाणी तीन वर्षांचा एलएलबी करतेय, तिने अशी चार प्रमाणपत्रं गोळा केली. मुलाखतीत तिला विचारलं, 'संपादक म्हणून एखादा लेख नाकारलात का, का नाकारलात?' तिला एकही लेख दाखवलेलाच नव्हता. मला तिचा राग आला नाही, त्या दुकानदारांचा आला.

ओळखायचं कसं? एक बघा: संपादक होण्यासाठी तुमच्याकडून काम मागतात की पैसे? चाचणी नसेल आणि शुल्क असेल तर लांब राहा. छापलेला एखादा अंक उघडा, दोन-चार तळटिपा घ्या आणि मूळ निकालाशी ताडून बघा. संदर्भ जुळत नसतील तर त्या जर्नलला संपादक नाहीत, नावापुढे काहीही लिहिलेलं असो. आणि तुमच्या कॉलेजात जर्नल नसेल तर एखाद्या प्राध्यापकाला धरा आणि चार जण मिळून सुरू करा. निकालांवरच्या छोट्या टिपणांचा ब्लॉगसुद्धा चालेल. एकमेकांचं काम तपासायची सवय लागणं महत्त्वाचं.

कृष्णाकाठ

पाचवी_सेम, तुमचा हा प्रतिसाद मी आमच्या बार असोसिएशनच्या गटावर पाठवतो आहे. माझ्या कनिष्ठांच्या मुलांनीही असे पैसे भरलेले मला ठाऊक आहेत.

चौथा_कट्टा

एक प्रश्न. निवड गुप्त क्रमांकावर होते म्हणता, मग वंशाधारित निवडीवरून खटले कसले चाललेत? २०२५ मध्ये तर अमेरिकन सरकारने हार्वर्ड लॉ रिव्ह्यूचीच चौकशी लावली ना?

तळटीप

हो, एप्रिल २०२५ मध्ये शिक्षण आणि आरोग्य या दोन खात्यांनी चौकशी जाहीर केली. त्याआधी २०१८ मध्येही हार्वर्ड आणि एनवाययूच्या (न्यूयॉर्क विद्यापीठाच्या) रिव्ह्यूंवर दावे झाले होते, ते कोर्टाने फेटाळले.

मुद्दा असा की पेपर निनावी तपासले तरी काही रिव्ह्यूंत सगळ्या जागा निव्वळ गुणांवर भरत नाहीत. काही जागांसाठी अर्जाचा एकूण विचार होतो आणि वैयक्तिक निवेदन तिथे वाचलं जातं. २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठ प्रवेशात वंशाचा विचार करायला मनाई केली, तेव्हापासून या जागांचा वाद वाढलाय.

माझं मत स्पष्ट लिहितो. कितीतरी दशकं निवड फक्त मार्कांवर होती, आणि तेव्हा या खोल्यांत जवळजवळ एकाच प्रकारची मुलं बसायची. हार्वर्ड लॉ स्कूलने मुलींना प्रवेशच १९५० मध्ये दिला. चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला हार्वर्ड लॉ रिव्ह्यूवर निवडले गेलेले पहिले कृष्णवर्णीय संपादक. त्यांनीच पुढे वंशभेदी शाळांविरुद्धच्या लढ्याचा पाया घातला. १९९० मध्ये बराक ओबामा त्याच रिव्ह्यूचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष झाले. कोणता लेख छापायचा हे ठरवणारी माणसं वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेली असली तर प्रश्नही वेगवेगळे विचारले जातात.

चौथा_कट्टा

माझं मत वेगळं आहे. निवेदनाची जागाच नको. पेपर आणि तळटिपा, बस. ज्याचं काम चांगलं तो आत. ह्यूस्टन त्यांच्या कामावरच निवडले गेले की.

मुक्काम_शिकागो

दोघांचेही मुद्दे आले. यावर नवा धागा काढा, मी येतो तिथे. इथे ताई तिकिटासाठी थांबल्यात.

सांजवेळ

थांबलेच आहे! सगळ्यांचे प्रतिसाद लेकीला मोठ्याने वाचून दाखवले. तिला मराठी वाचायला वेळ लागतो, पण ऐकून सगळं कळतं. केशवानंदची तळटीप ऐकून तिने चक्क टाळी वाजवली. शिकागोकरांनी सांगितल्याप्रमाणे विचारलं, पुढे काय करायचंय. म्हणाली, घरमालक-भाडेकरूंच्या खटल्यांवर काम करायचंय, आणि रिव्ह्यूवर जाऊन त्याच विषयावर स्वतःचं टिपण लिहायचंय. हे मला आजच कळलं.

तर ठरलं. स्पर्धा देणार. तिचं तिकीट स्पर्धा संपल्यानंतरचं काढलं. सासूबाईंशी बोलले, त्या म्हणाल्या, 'ती येईल तेव्हा माझी पंचाहत्तरी.' हॉलवाल्याने तारीख बदलून दिली. बाभूळ, आजीला विचारलं बरं का.

आता दोन प्रश्न. एक, त्या दिवसांत मी तिला काय मदत करू शकते? तिचा निबंध वाचून व्याकरण बघितलं तर चालेल का? आणि दोन, तिच्या कॉलेजात सगळ्या जर्नल्सची स्पर्धा एकच आहे आणि पसंतीक्रम भरून द्यायचा आहे. मुख्य रिव्ह्यू पहिला ठेवून बाकी रिकामं सोडावं का?

बाभूळ

आजी जिंकल्या. पुढे मी काही बोलत नाही.

तळटीप

निबंधाला हातही लावू नका. वाचूसुद्धा नका. आचारसंहितेवर सही असते, कुणाशीही चर्चा करायची नाही, त्यात आईही आली. एआयला विचारायलाही सरसकट मनाई असते. सापडलं तर प्रकरण वकिलीच्या सनदेपर्यंत जातं, कारण इथे बारमध्ये प्रवेश देताना चारित्र्याची चौकशी होते आणि कॉलेजातली शिस्तभंगाची नोंद तिथे सांगावी लागते.

करता येईल ते हे: जेवणाचे डबे करून ठेवा, आणि परीक्षा संपल्यावर पॅकेट उघडण्याआधी तिला पूर्ण एक दिवस झोपू द्या. बऱ्याच ठिकाणी पॅकेट कधी उघडायचं याची थोडी सवलत असते, तिने नियम बघून घ्यावा. आणि एप्रिलमध्येच, परीक्षेच्या अभ्यासात बदल म्हणून, रोज थोडं ब्लूबुक चाळायला सांगा. पाठ करायचं नाही, काय कुठे आहे ते हाताला माहीत हवं. 'इड.' (म्हणजे 'वरचाच स्रोत') या संक्षेपापुढचा पूर्णविरामसुद्धा तिरपा असतो, अशा गोष्टी ऐन वेळी शोधत बसलं तर तास जातात.

निबंधाबद्दल एवढंच सांगेन: पहिल्या पानावरच आपलं म्हणणं मांडायचं. तपासणारा ओळीने कितीतरी पेपर वाचत असतो आणि सगळ्यांत तोच निकाल, तेच उतारे. निकालाचा सारांश लिहिण्यात अर्धी पानं घालवणारे खूप असतात. ज्याला स्वतःचा एक मुद्दा आहे आणि विरुद्ध बाजूला तो प्रामाणिकपणे उत्तर देतो, त्याचा पेपर लक्षात राहतो.

एलएलएम_रिटर्न

पसंतीक्रमाचं मी सांगते. रिकामं अजिबात सोडू नये. पण जिथे मनापासून काम करणार नाही असं जर्नल यादीत घालूही नये. जागा मिळाली की काही ठिकाणी घ्यावीच लागते, आणि मग वर्षभर नावडत्या विषयाच्या तळटिपा. तिला घरांच्या प्रश्नावर काम करायचंय ना? मग तिच्या कॉलेजात गरिबी, नागरी हक्क किंवा शहरी कायदा अशा विषयाचं जर्नल आहे का ते बघा. असेल तर ते दुसऱ्या क्रमांकावर, आणि खरं सांगू, मी असते तर पहिल्यासाठीही विचार केला असता. तिथे तिचं टिपण छापून यायची शक्यता जास्त, आणि वाचणारेही त्याच क्षेत्रातले. एक करायला सांगा: त्या जर्नल्सचे गेल्या दोन-तीन वर्षांचे अंक उघडून विद्यार्थ्यांची किती टिपणं छापलीत आणि कोणत्या विषयांवर, ते बघायचं. क्रम त्यावरून लावायचा.

सांजवेळ

शहरी कायद्याचं आहे म्हणते. अंक आत्ताच उघडून बसली आहे.